बारा आठवडे कोणीतरी शेजारी उभं राहून बघणार आहे. परदेशातलं क्लिनिकल असेसमेंट कोणी दिलंय का?

मेडिकलची_पोर | २४ एप्रिल, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. आतापर्यंत वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी नागपूरची. एमबीबीएस मेडिकलमधूनच, २०१३ ची. (बाहेरच्यांसाठी: नागपुरात 'मेडिकल' म्हणजे औषधाचं दुकान नव्हे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.) बॉण्ड, म्हणजे सरकारी कॉलेजात शिकल्याच्या बदल्यातली सक्तीची सेवा, गडचिरोलीच्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) काढला. मग इथेच कॅज्युअल्टी आणि थोडी स्वतःची प्रॅक्टिस, सगळी मिळून ९ वर्षं. २०२२ ला नवऱ्यामागे ब्रॅम्प्टनला गेले. तिथे एमसीसीक्यूई पार्ट वन, म्हणजे डॉक्टरांसाठीची कॅनडाची लेखी परीक्षा दिली, मग एनएसी, म्हणजे खोट्या रुग्णांवरची प्रात्यक्षिक परीक्षा. मधल्या काळात एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसून लोकांचे लघवीचे डबे घेतले. दोन वर्षं कार्म्सच्या मॅचमध्ये (तिथे रेसिडेन्सीच्या, म्हणजे पुढच्या प्रशिक्षणाच्या जागा अशाच वाटतात) नाव लागलं नाही. यंदा मार्चमध्ये लागलं. फॅमिली मेडिसिन, ऑन्टारिओतलं एक लहान गाव. १ जुलैला रुजू व्हायचंय.

पेढे वाटून झाले, सासूबाईंनी टेकडीच्या गणपतीला नारळ फोडला, आणि मग पत्र आलं. मॅच लागली तरी जागा अजून पक्की नाही. आधी 'असेसमेंट व्हेरिफिकेशन पिरियड', ज्याला सगळे एव्हीपी म्हणतात. १२ आठवड्यांपर्यंत रोजच्या कामातच देखरेखीखाली तपासतात आणि शेवटी सुपरवायझर लिहून देतात की ही बाई या पातळीवर काम करू शकते किंवा करू शकत नाही. नाही म्हणाले तर रेसिडेन्सी तिथेच थांबते. तिथल्याच कॉलेजातून निघालेल्या पोरांना हे नाही, फक्त आम्हा बाहेरून आलेल्यांना.

अभ्यासाची भीती नाही. माझी अडचण वेगळी आहे. कोणी शेजारी उभं राहून बघायला लागलं की माझा हात चालत नाही. एनएसीच्या पहिल्याच स्टेशनला मी बीपीचा कफ उलटा बांधला होता. आयुष्यात किती हजार वेळा बांधला असेल देव जाणे.

कोणी असं असेसमेंट दिलंय का? नेमकं काय बघतात? तयारी कशी केली? ५ जूनपर्यंत मी नागपुरातच आहे.

तर्रीबाज | २५ एप्रिल, सकाळी ७:१०

ताई, आधी अभिनंदन! पेढे इकडे पोचले नाही, नोंद घ्यावी.

बाकी आमच्या ऑफिसात साहेब मागे येऊन उभा राहिला की मला माझा पासवर्ड आठवत नाही. बीपीचा कफ तर फार पुढची गोष्ट झाली.

झिरोमाईल | २५ एप्रिल, सकाळी ९:३४

मी डॉक्टर नाही, म्हणून बाळबोध प्रश्न. दोन परीक्षा घेतल्या, मुलाखत घेतली, निवडलं. मग पुन्हा तपासून काऊन राहिले? विश्वास नव्हता तर घेतलं कशाला?

मेडिकलची_पोर | २५ एप्रिल, सकाळी १०:०५

दादा, हाच प्रश्न मी नवऱ्याला विचारला. तो म्हणाला, तुझ्या बाबांनी पण पत्रिका जुळल्यावर माझ्या ऑफिसात चौकशी केली होतीच की.

न्यूकॅसलवाला | २५ एप्रिल, दुपारी १:२०

ऑस्ट्रेलियातून लिहितोय. मूळचा महालचा, मेयोचा, म्हणजे नागपुरातल्याच दुसऱ्या सरकारी मेडिकल कॉलेजचा विद्यार्थी. तुमच्याशी वैर जुनं आहे पण आज विसरतो.

इकडे एएमसीची (ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिलची) एमसीक्यू परीक्षा झाली की पुढे दोन रस्ते असतात. एक, एएमसीची क्लिनिकल परीक्षा, एका दिवसात काय तो निकाल. दुसरा, 'वर्कप्लेस बेस्ड असेसमेंट'. म्हणजे मान्यता असलेल्या हॉस्पिटलात नोकरी करायची, पगार घ्यायचा आणि काम करता करताच तपासून घ्यायचं. न्यूकॅसलचं हॉस्पिटल यात सगळ्यात आधीच्यांपैकी. मी तिथूनच निघालो, म्हणून हे नाव घेतलंय.

त्यात मुख्य प्रकार मिनी-सीईएक्स. सीनियर येतो, कोपऱ्यात उभा राहतो, तुम्ही खऱ्या रुग्णाची हिस्ट्री घेता किंवा पोट तपासता. पंधरा-वीस मिनिटं. मग दहा मिनिटं तो तुमच्याशी बोलतो आणि फॉर्म भरतो. असे बरेच. शिवाय केसवर चर्चा. शिवाय तुमच्यासोबत काम करणाऱ्यांकडून गुपचूप अभिप्राय मागवतात, त्यात नर्सेसही आल्या. आपल्याकडे सिस्टरला विचारून डॉक्टरला मार्क द्यायचे ठरवले तर अर्धे एचओडी घरी बसतील.

आता तुमच्या कफबद्दल. मी यावर खूप विचार केला, कारण माझंही तेच झालं होतं. माझे हात थरथरले नाहीत, मी मुका झालो. नंतर लक्षात आलं की त्या दिवसापर्यंत मला रुग्ण तपासताना कोणी पाहिलेलंच नव्हतं. फायनलची लाँग केस आठवा. आपल्याला रुग्ण दिला, तासभर दिला, परीक्षक चहाला गेले. परत आले आणि म्हणाले, हं, सांगा. त्यांनी आपण काय *सांगतो* ते ऐकलं. आपण काय *विचारलं*, हात कुठे ठेवला, म्हातारीच्या अंगावरची चादर परत नीट केली की नाही, हे कोणी बघितलं? स्प्लीन (प्लीहा) हाताला लागलीच नाही तरी 'दोन बोटं वाढलीय' ठोकून दिल्याशिवाय कोण पास झालंय?

अमेरिकेतही हीच गत होती म्हणे. मिनी-सीईएक्स तिथल्या इंटर्नल मेडिसिन बोर्डातल्या जॉन नॉर्सिनींनी १९९० च्या दशकात काढली ती याच कारणासाठी. रेसिडेंटला प्रत्यक्ष रुग्णासमोर कोणी पाहतच नव्हतं.

तर्रीबाज | २५ एप्रिल, दुपारी १:४१

स्प्लीन दोन बोटं हे आमच्याकडच्या 'काम नव्वद टक्के झालं' सारखं दिसतं.

स्टेप_बाय_स्टेप | २५ एप्रिल, रात्री ९:१५

अमेरिकेतून. आमच्याकडे सगळं उलटं. इथल्या परवान्याच्या परीक्षांना 'स्टेप' म्हणतात. आधी त्यात स्टेप टू सीएस नावाची प्रात्यक्षिक परीक्षा होती, तिच्यासाठी व्हिसा काढून विमानाने जायचं. कोविडमध्ये थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद केली. आता ईसीएफएमजीचे (परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणारी संस्था) 'पाथवे' आणि सोबत ओईटी ही इंग्रजीची परीक्षा. ज्यांना बाकीचे पाथवे लागू होत नाहीत त्यांच्यासाठी सहा क्रमांकाचा, आणि त्यात हेच मिनी-सीईएक्स: परवानाधारक डॉक्टरसमोर सहा रुग्ण. जानेवारी २०२२ पासून स्टेप वनचेही मार्क गेले, फक्त पास-नापास. त्यामुळे सगळा भार स्टेप टू सीके या लेखी परीक्षेवर आणि शिफारसपत्रांवर.

शिफारसपत्रासाठी 'यूएस क्लिनिकल एक्सपिरियन्स' लागतो आणि त्याचा बाजार भरलाय. पैसे घेऊन क्लिनिक जोडून देणारे दलाल ढिगाने. मी एकाला चार आठवड्यांचे पैसे भरले. चार आठवडे भिंतीला टेकून उभा होतो. रुग्णाला हात लावायचा नाही, संगणकाला हात लावायचा नाही. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, तुझं नाव कसं उच्चारतात? आणि पत्र लिहिलं की हा अत्यंत अभ्यासू आहे. आता तुम्हीच सांगा, त्यांना काय दिसलं असेल? माझी उभं राहण्याची पद्धत?

तेव्हा पोरताई, तुम्हाला खरं काम देऊन तपासतायत, यात नशीब समजा.

धरमपेठची_काकू | २६ एप्रिल, सकाळी ६:४८

डॉक्टरकीतलं मला कळत नाही. मुलगा/मुलगी आहे का गं? बारा आठवडे कोण बघणार?

मेडिकलची_पोर | २६ एप्रिल, सकाळी ८:३०

मुलगी आहे काकू, सात वर्षांची. आई येतेय सोबत सहा महिन्यांसाठी. तिचा व्हिसा आलाय. गॅसच्या शेगडीशिवाय भाकरी कशी करायची हा तिचा मुख्य प्रश्न आहे.

धरमपेठची_काकू | २६ एप्रिल, सकाळी ८:४४

बिडाचा तवा ने म्हणावं. वजन होतं बॅगेत पण विजेच्या शेगडीवर चालतो. मी न्यू जर्सीला दोनदा नेलाय.

हनुमाननगर_२०१६ | २६ एप्रिल, सकाळी ११:०२

माझी गंमत ऐका. पीएलएबीसाठी (परदेशी डॉक्टरांची तिकडची परीक्षा) इंग्लंडच्या जनरल मेडिकल कौन्सिलचा, म्हणजे जीएमसीचा मेल आला. आपलं मेडिकलही जीएमसीच. घरी सांगितलं, 'जीएमसीत बोलावलंय.' बाबा म्हणाले, 'मग रिक्षाने जा, मेडिकल चौकात पार्किंग नाही मिळत.' मॅन्चेस्टरला जायचं होतं.

पार्ट टूमध्ये १६ स्टेशन, प्रत्येकी ८ मिनिटं. पास झाले. त्यानंतर नोकरीचे शेकड्याने अर्ज केले. तिकडे आता स्वतःच्या पदवीधरांना आधी घ्यायचं धोरण आहे, एका जागेवर अर्जांचा पाऊस पडतो. मी परत आले, आता धंतोलीत काम करते आणि बरी आहे. जाणाऱ्यांनी परीक्षेच्या फीआधी नोकरीचं गणित बघावं.

खडूस_खोडरबर | २६ एप्रिल, दुपारी ३:३०

कोणीतरी बोलायलाच हवं. सरकारी कॉलेजात जनतेच्या पैशावर शिकायचं आणि कॅनडातल्या गावाला सेवा द्यायची. गडचिरोलीत डॉक्टर नाहीत, मेळघाटात नाहीत. आणि वर 'मला तपासतात हो' म्हणून रडायचं. तपासणारच. त्यांच्या घरात शिरताय.

विदर्भकन्या | २६ एप्रिल, दुपारी ३:५२

झालं, आले साहेब. दर धाग्यावर हेच. बेंगळुरूत बसून गडचिरोलीची काळजी करणारे तुम्ही स्वतः कधी आलापल्लीच्या पुढे गेलात?

मेडिकलची_पोर | २६ एप्रिल, रात्री १०:४०

असू दे गं. प्रश्न चुकीचा नाही, उत्तर देते.

माझा बॉण्ड झाला तेव्हा मी २४ ची होते. दुसऱ्या आठवड्यात रात्री एक बाई आणली, वयाने माझ्याएवढीच, पायाला साप चावलेला. मोठे डॉक्टर ट्रेनिंगला गेलेले. फोनला रेंज नाही. मी, एक सिस्टर आणि एक शिपाई. शिकवलेलं तेवढं आठवलं: साध्या काचेच्या नळीत रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपी करून बघायची. २० मिनिटं मी त्या नळीसमोर बसून होते. रक्त गोठलंच नाही. म्हणजे विष भिनलेलं. एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध लावलं. हात असा कापत होता की शीर सिस्टरने धरली. बाई वाचली.

दुसऱ्या दिवशी मला कोणी विचारलं नाही की तू काय केलंस, बरोबर केलंस की चूक. तिसऱ्या दिवशीही नाही. वर्षभर नाही. महिन्याचा अहवाल मात्र वेळेवर मागायचे, सर्पदंश किती, प्रसूती किती.

तेव्हा मला कोणी बघावं अशी फार इच्छा होती. आता बघतायत तर नकोसं वाटतंय. बाकी खोडरबरकाका, कॅनडातही त्या बदल्यात पाच वर्षं टोरोंटो-ओटावाच्या बाहेर काम करायचा करार करून घेतात. बॉण्ड काही सुटत नाही हो आमच्या नशिबाचा.

खडूस_खोडरबर | २६ एप्रिल, रात्री ११:०१

काका नका म्हणू, ४१ चा आहे. साप वाचला... बाई वाचली हे वाचून बरं वाटलं. माझा मुद्दा कायम आहे.

तर्रीबाज | २६ एप्रिल, रात्री ११:०३

साप पण वाचला असेल. उगाच कशाला.

बिश्केक_रिटर्न | २७ एप्रिल, दुपारी १२:१७

दोन दिवस वाचून राहिलो, लिहू की नको करत होतो. लिहितो.

ताई, तुमची जी हालत तिकडे, ती आमची इथे आहे, याच नागपुरात. मी किर्गिझस्तानहून एमबीबीएस केलं. नीटमध्ये सरकारी जागेपुरते मार्क नव्हते, आणि खाजगीचे पैसे बाबांकडे नव्हते. परत येऊन एफएमजीई, म्हणजे बाहेरून शिकून आलेल्यांची इथली परीक्षा दिली. ३०० पैकी १५० लागतात, दुसऱ्या वेळी निघाली. मग इथे १२ महिन्यांची इंटर्नशिप, देखरेखीखाली. नियमाच्या भाषेत तीही असेसमेंटच. युक्रेनवाले माझे मित्र, ज्यांचं शेवटचं वर्ष लढाईमुळे ऑनलाइन झालं, त्यांना तर एकाच्या जागी दोन वर्षं करायला लावली.

कॉलेजचं नाव घेत नाही. पहिल्या दिवसापासून माझं नाव 'रशियावाला'. बिश्केक रशियात नाही हे मी पहिले आठ दिवस सांगत होतो, मग सोडून दिलं. रेसिडेंटने रुग्णाच्या नातेवाइकांसमोर विचारलं, 'कॅथेटर टाकता येतं का यूट्यूबवरच पाहिलं?' मला येत होतं. पण त्यानंतर त्या नातेवाइकांनी मला हात लावू दिला नाही. वर्षभर काम काय? सॅम्पल पोचवा, रिपोर्ट आणा, स्ट्रेचर ढकला, रक्तपेढीत रांग लावा.

आणि देखरेख? लॉगबुकातल्या सगळ्या सह्या शेवटच्या आठवड्यात चहाच्या टपरीवर झाल्या. एका हातात कट, एका हातात पेन. सरांनी एक पान वाचलं नाही. तुम्हाला बारा आठवडे कोणीतरी खरंच बघणार आहे. मला तर कोणी नापाससुद्धा केलं नाही.

अजून एक, राग मानू नका. तुम्ही कॅज्युअल्टीत होता म्हणता. तुमच्याकडेही आमच्यासारखे इंटर्न आले असतील.

सिव्हिल_लाइन्स_सर्जन | २७ एप्रिल, दुपारी २:२५

वरच्या प्रतिसादातली भावना समजते, पण एक बाजू सांगतो. मी वीस वर्षं शिकवतोय. बाहेरून येणाऱ्यांत फार चांगली मुलं असतात, आणि ज्यांनी सहा वर्षांत एका जिवंत रुग्णाचं पोट दाबलेलं नाही अशीही असतात. दोघांच्या डिग्रीवर सारखाच शिक्का. दोनशे खाटांना चार रेसिडेंट असताना कोण कोणता आहे हे बघायला वेळ कुठून आणायचा? रात्री दोनला रक्त आणायला माणूस लागतो, मग जो समोर दिसेल तो.

टपरीवर सह्या होतात. मीही केल्या आहेत, लपवत नाही.

न्यूकॅसलवाला | २७ एप्रिल, दुपारी ४:५०

सर, स्पष्ट लिहिलंत. पण वेळ नाही हे उत्तर अर्धंच. २०१९ पासून नव्या अभ्यासक्रमात सगळ्यांनाच लॉगबुक आलं, म्हणजे कागद आला. बघणाऱ्याचा वेळ कोणी मोजला नाही. इकडे मिनी-सीईएक्ससाठी सीनियरच्या कामाच्या तासांतून वेळ कापून ठेवतात, तेव्हाच ते होतं. अर्धा तास रिकामा मिळाला तर तुम्हीही बघाल.

सिव्हिल_लाइन्स_सर्जन | २७ एप्रिल, संध्याकाळी ६:१२

अर्धा तास रिकामा मिळाला तर मी आधी जेवीन.

हॅमिल्टनकर | २८ एप्रिल, पहाटे ४:३०

उशिरा पोचलो. मी एव्हीपीतून गेलोय, ऑन्टारिओत, फॅमिली मेडिसिनमध्येच. मूळ प्रश्न अजून तसाच पडलाय, म्हणून नीट लिहितो.

मेडिसिन येतं की नाही हे ते पहिल्या चार दिवसांत ओळखतात. पुढचे सगळे आठवडे बघतात ते: तुला येत नसेल तेव्हा तू काय करतोस. आपण लहानपणापासून शिकलो की 'येत नाही' म्हणायचं नाही, काहीतरी ठोकायचं. (वर स्प्लीनचा उल्लेख आलाच आहे.) तिकडे ठोकलं की संपलं. 'मला खात्री नाही, बघून सांगते' म्हटलं की सुपरवायझरचा जीव भांड्यात पडतो.

आता माझी फजिती. तिसरा दिवस. नर्स धावत आली, 'डॉक्टर, पेशंटची शुगर बावीस!' माझ्या डोक्यात नागपूर. बावीस म्हणजे गेला हा माणूस, ग्लुकोज द्या! तोंडातून निघालंच. सुपरवायझरने फक्त माझ्याकडे बघितलं. तिकडे मोजमाप मिलिमोलमध्ये. बावीस म्हणजे आपले जवळपास चारशे. १८ ने गुणायचं. उपाशीपोटीची सात म्हणजे आपली १२६. हिमोग्लोबिन ११० म्हटलं तर घाबरायचं नाही, ते आपलं ११. ताप ३८.५ म्हणजे १०१ च्या वर. हे आकडे आत्तापासून बाबांच्या रिपोर्टवर रोज फिरवत जा. पॅरासिटामॉल म्हणू नका, ॲसिटामिनोफेन किंवा टायलेनॉल म्हणा, नाहीतर रुग्ण बघत राहतात.

मी काय केलं? लगेच म्हणालो, चुकलो, मी वेगळ्या युनिटमध्ये विचार करत होतो. संध्याकाळी त्याची फील्ड नोट आली. (रोज छोटी चिठ्ठी लिहितात, तिला फील्ड नोट म्हणतात.) त्यात लिहिलं होतं, चूक झाली, स्वतः ओळखली, स्वतः सांगितली. त्याला ती नोंद चांगली वाटली होती.

दुसरं, फाइफ. फीलिंग्ज, आयडियाज, फंक्शन, एक्स्पेक्टेशन्स. रुग्णाला काय वाटतंय, त्याच्या मते काय झालंय, रोजच्या जगण्यात काय अडतंय, आपल्याकडून काय हवंय. आपल्याला हे हास्यास्पद वाटतं. दिवसाला ऐंशी पेशंट बघणारा माणूस 'तुमच्या मते काय झालं असेल?' विचारायला लागला तर पेशंट म्हणेल, मग तुम्हाला कशाला पैसे देऊ? पण तिकडे हे नाही विचारलं तर पहिल्याच फॉर्मवर शेरा.

तिसरं, पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आईबरोबर आली तर आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगा. हे मला सगळ्यात जड गेलं. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा ती आई आपल्याकडचीच निघाली आणि तिने मला असं बघितलं की मीच बाहेर जाणार होतो.

आणि कोणासमोर तरी सराव करा. आरशासमोर नको. असा माणूस शोधा जो गप्प बसून बघेल आणि मग लिहून देईल.

विदर्भकन्या | २८ एप्रिल, सकाळी ९:२०

शुगर बावीस 😂 ह्याचा टी-शर्ट छापा.

झिरोमाईल | २८ एप्रिल, सकाळी ९:४५

मला आत्ता कळलं काऊन तपासून राहिले ते. हॅमिल्टनकर, धन्यवाद.

मेडिकलची_पोर | २८ एप्रिल, रात्री ११:३०

बिश्केक_रिटर्न, तुमचा प्रतिसाद काल तीनदा वाचला. हो, आले होते. मीही 'रशियावाले' म्हटलंय. एक मुलगा होता, शांत, चष्मेवाला. त्याला मी सहा महिने टाके घालू दिले नाहीत. कारण काय तर 'वेळ नाही, मी पटकन करते'. तो काय शिकला असेल? रक्तपेढीचा रस्ता. त्याचं नाव आठवायचा प्रयत्न केला, आठवत नाहीये.

एक विचारू का? माझ्याकडे पाच आठवडे आहेत. हॅमिल्टनकर म्हणतात असा बघणारा हवाय. तुम्ही याल का? घर मेडिकल चौकापासून दहा मिनिटांवर आहे, पत्ता व्यनि (खासगी निरोप) करते. मिनी-सीईएक्सचा नमुना मी छापून ठेवते. तुम्ही फॉर्म भरा, मला सोडू नका. हवं तर नंतर उलट करू, मी बघते, तुम्ही तपासा.

बिश्केक_रिटर्न | २९ एप्रिल, सकाळी ७:०५

येतो. रविवारी चालेल का? मला असं कोणाला मार्क द्यायला आजपर्यंत मिळालं नाही.

तर्रीबाज | २९ एप्रिल, सकाळी ७:२०

ताई, नाश्ता तर्री पोह्याचाच ठेवा, परीक्षक खूश झाला पाहिजे.

संपादक | २९ एप्रिल, सकाळी १०:००

पोह्यांवरचे अकरा प्रतिसाद खाऊगल्लीच्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहा.

मेडिकलची_पोर | ४ मे, रात्री १०:१८

काल झालं. अहवाल देते.

पारा ४४ वर, कूलर सुरू, त्यामुळे निम्मं काही ऐकू येत नव्हतं, मग बंद केला. रुग्ण म्हणून बाबा. वय ७२, बीपी सात वर्षांपासून, औषध माझंच सुरू केलेलं. परीक्षक खुर्ची भिंतीला लावून बसले, मांडीवर फॉर्म, पेन उघडं. चेहरा असा की मी खरंच घाबरले.

सुरुवात बरी झाली. हात धुतले, नाव सांगितलं (बाबा म्हणाले, माहीत आहे), बसायला सांगितलं. कफ सुलटा बांधला. मग फाइफ. मराठीत ते वाक्य तोंडातून निघेना. शेवटी म्हटलं, 'बाबा, या गोळ्यांबद्दल तुम्हाला काय वाटतं?'

बाबा थोडा वेळ गप्प. मी लगेच पुढचा प्रश्न विचारणार होते, तर कोपऱ्यातून पेनचा टकटक आवाज. थांबले.

बाबा म्हणाले, 'खरं सांगू? मी एक दिवसाआड घेतो. रात्री लघवीला उठलं की घेरी येते. दिवाळीत बाथरूममध्ये पडता पडता वाचलो. तू रागावशील म्हणून नाही सांगितलं.'

झोपवून बीपी घेतलं, १३८. उभं करून घेतलं, ११०. मग कळलं की प्रोस्टेटसाठी त्यांना कोणीतरी टॅम्सुलोसिन सुरू केलंय, मागच्या ऑगस्टपासून. त्यानेही उभं राहिलं की बीपी पडू शकतं. मी कॅनडातून दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर विचारत होते, 'बाबा, गोळी घेता ना?' ते म्हणायचे, 'हो.'

फॉर्म समोर आहे. तपासणी: अपेक्षेप्रमाणे. संवाद: अपेक्षेपेक्षा कमी. शेरा, जसाच्या तसा: 'रुग्णाला उत्तर द्यायला वेळ देत नाहीत. दोनदा रुग्णाचं वाक्य स्वतःच पूर्ण केलं. एकदा रागावल्या.'

हॅमिल्टनकर | ५ मे, पहाटे ५:०२

परीक्षक कडक आहे. सोडू नका त्याला. बाबांचं पुढे काय केलं?

मेडिकलची_पोर | ५ मे, सकाळी ८:४०

टॅम्सुलोसिन देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला, बीपीची गोळी बदलली, उठताना आधी पलंगावर दोन मिनिटं बसायला सांगितलं. बाबांनी विचारलं, हे पण फॉर्मवर लिहितात का?

पुढच्या रविवारी उलट करतोय. बिश्केक_रिटर्न तपासतील, मी भिंतीला. आई म्हणाली पेशंट मी होते, माझे गुडघे कोणी विचारतच नाही.

बिश्केक_रिटर्न | ५ मे, सकाळी ९:११

काकूंना सांगा, पूर्ण हिस्ट्री घेईन. आणि ताई, पेन घेऊन या. माझं पेन शेवटच्या शेऱ्याला संपलं.